संगणकातील माहितीची दुसरी प्रत

बदलापूरला उल्हास नदीच्या, तर अंबरनाथ व उल्हासनगरला वालधुनीच्या पुराचा धोका असतो. २६ जुलै २००५ च्या महापुराने तो दाखवून दिला. तळमजल्यावरील घरगुती संगणकातील माहितीची दुसरी प्रत म्हणूनच आवश्यक ठरते.

‘क्लोनिंग’मध्ये हार्ड डिस्कची हुबेहूब प्रत दुसऱ्या डिस्कवर उतरते, डिस्क बदलताना ते सोयीचे. नियमित बॅकअपसाठी मात्र ‘इमेज’ बरी. एकाच डिस्कवर निरनिराळ्या तारखांच्या प्रती ठेवता येतात.

‘नॉर्टन घोस्ट’ २०१३ मध्ये बंद झाले. ‘क्लोनझिला’ मोफत असून दोन्ही कामे करते. मात्र क्लोनिंगमध्ये डिस्कची निवड चुकल्यास मूळ माहितीच पुसली जाते. कोणतेही सॉफ्टवेअर निवडा, प्रत परत उतरवता येते का, हे आधी पडताळावे आणि ती डिस्क वरच्या मजल्यावर किंवा दुसऱ्या घरी ठेवावी.