खारीचा वाटा : ‘पोकेमॉन’च्या आखाड्यातील पाचिरिसू

यवतमाळ जिल्ह्याच्या उमरखेड तालुक्यात, विदर्भ आणि मराठवाड्याच्या सीमेलगत ढाणकी हे गाव आहे. या परिसरातील जाणत्या शेतकऱ्याला ‘चांगला बैल कोणता?’ असे विचारले, तर तो प्रथम उलट प्रश्न करील, ‘काम कोणते?’ काळ्या जमिनीत दिवसभर वखर ओढणारा बैल वेगळा, भरल्या गाडीचा भार पेलणारा वेगळा आणि शंकरपटात काही सेकंदांत दाण पार करणारा वेगळा. जनावराची किंमत त्याच्या आकारावरून नव्हे, तर त्याच्यावर सोपवलेल्या कामावरून ठरते. वरवर पाहता या गोष्टीचा संगणकीय खेळांशी काही संबंध असेल असे वाटत नाही. परंतु ‘पोकेमॉन’ या जगप्रसिद्ध खेळाच्या स्पर्धांचा इतिहास पाहिला, तर तेथेही सारा खल याच एका प्रश्नाभोवती फिरताना दिसतो. त्याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे २०१४ साली जागतिक अजिंक्यपद मिळवणाऱ्या संघातील एक लहानशी खार.

खेळ आणि त्याचे नियम

‘पोकेमॉन’चा पहिला खेळ २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे जनक सातोशी ताजिरी यांना लहानपणी कीटक गोळा करण्याचा छंद होता आणि त्यातूनच निरनिराळे जीव पकडण्याची, वाढवण्याची व त्यांची झुंज लावण्याची कल्पना त्यांना सुचली. आरंभी या खेळात १५१ जीव होते, आज त्यांची संख्या एक हजाराच्या पुढे गेली आहे. भारतातील बहुतेकांना त्याची ओळख झाली ती दूरचित्रवाणीवरील मालिकेमुळे. मालिकेतील पिकाचू घराघरांत पोहोचला. मात्र या खेळाच्या रीतसर स्पर्धा होतात आणि त्या बुद्धिबळाइतक्याच गांभीर्याने खेळल्या जातात, हे आपल्याकडे फारसे ठाऊक नाही.

अधिकृत स्पर्धेत प्रत्येक खेळाडू सहा जीवांचा संघ घेऊन येतो. प्रतिस्पर्ध्याचा संघ पाहून त्यांतील चार जण प्रत्यक्ष लढतीसाठी निवडायचे असतात आणि मैदानात एका वेळी दोन्ही बाजूंचे दोन-दोन जीव उतरतात. सर्वांची पातळी ५० धरली जाते, त्यामुळे कोणी किती तास खेळून आपला जीव वाढवला याला महत्त्व उरत नाही. प्रत्येक जीवाला सहा गुण असतात : प्राणशक्ती, आक्रमण, बचाव, विशेष आक्रमण, विशेष बचाव आणि वेग. त्याला केवळ चार डाव, एक अंगभूत क्षमता आणि सोबत बाळगण्याची एक वस्तू एवढीच सामग्री मिळते. शिवाय अग्नी, जल, वीज, भूमी असे १८ प्रकार असून कोणता प्रकार कोणावर भारी पडतो याचे पक्के कोष्टक आहे.

अशी ही खार

पाचिरिसू ही वीज प्रकारातील पांढरी-निळी खार २००६ सालच्या ‘डायमंड’ आणि ‘पर्ल’ या खेळांतून प्रथम अवतरली. तिचे मूळ गुण असे : प्राणशक्ती ६०, आक्रमण ४५, बचाव ७०, विशेष आक्रमण ४५, विशेष बचाव ९० आणि वेग ९५. त्यांची बेरीज ४०५ होते. गारचॉम्पची हीच बेरीज ६०० आहे. त्या काळी स्पर्धांवर सत्ता गाजवणाऱ्या मेगा कंगासखानची ५९०. केवळ आकडे पाहणारा माणूस पाचिरिसूला संघात घेणार नाही, आणि बहुतेकांनी तिला घेतले नव्हतेच.

ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतील वॉशिंग्टन येथे भरलेल्या जागतिक स्पर्धेत दक्षिण कोरियाच्या सेजुन पार्क या खेळाडूने मात्र तिला संघात स्थान दिले. तिच्यासोबत गॅराडोस, गारचॉम्प, टॅलनफ्लेम, गार्डेव्हॉर आणि गॉथिटेल असे पाच साथीदार होते. अंतिम सामन्यात अमेरिकेच्या खेळाडूला हरवून पार्क मास्टर्स गटाचा विजेता ठरला. प्रेक्षकांना प्रथम ही गंमत वाटली, पण सामने जसजसे पुढे गेले तसतसे या निवडीमागचा विचार लोकांच्या ध्यानात येऊ लागला.

चार डावांचे गणित

पार्कने तिला दिलेले चार डाव पाहिले म्हणजे हा विचार उलगडतो. पहिला डाव ‘फॉलो मी’. तो टाकला की त्या फेरीत प्रतिस्पर्ध्यांनी एकाच जीवावर रोखलेला प्रत्येक हल्ला पाचिरिसूकडे वळतो आणि तिचा जोडीदार निर्धास्तपणे आपले काम करतो. दुसरा ‘सुपर फँग’. हा समोरच्याची त्या क्षणी शिल्लक असलेली प्राणशक्ती निम्मी करतो. तिसरा ‘नझल’. याचा मार किरकोळ असला, तरी ज्याला तो लागतो त्याला हमखास पक्षाघात होतो. चौथा ‘प्रोटेक्ट’, म्हणजे एका फेरीपुरते स्वतःभोवती कवच.

आता या चार डावांना तिचे दुबळे आक्रमण कोठे आड येते ते पाहा. ‘फॉलो मी’ आणि ‘प्रोटेक्ट’ यांत हल्ला नाहीच. ‘सुपर फँग’चा परिणाम मारणाऱ्याच्या ताकदीवर अवलंबून नसतो, समोरचा जितका धिप्पाड तितका त्याचा तोटा मोठा. ‘नझल’चा खरा हेतू मार देणे नसून प्रतिस्पर्ध्याला मंद करणे हा आहे. म्हणजेच जो गुण तिच्यात नाही, त्याची गरजच पडू नये अशी कामे तिच्यावर सोपवली गेली. पार्कच्या निवडीचे मर्म येथे आहे.

एक उदाहरण घेऊ. पातळी ५० वरील मेगा कंगासखानला प्राणशक्तीचे प्रशिक्षण दिलेले नसेल, तर ती १८० असते. ‘सुपर फँग’च्या एका घावात ९० उरतात आणि जोडीदाराचा एखादा बेताचा फटकाही मग पुरेसा ठरतो. त्या वेळच्या नियमांप्रमाणे पक्षाघात झालेल्या जीवाचा वेग एक चतुर्थांश होत असे, म्हणजे १२० चा ३०. (२०१६ नंतरच्या खेळांत तो निम्मा होतो.) त्याखेरीज दर खेपेस चारात एक वेळा त्याची चाल वाया जाण्याचा संभव राहतो. ज्याला सर्व भीत होते तो जीव अशा रीतीने मंद आणि अर्धमेला होऊन बसतो.

जोडीदाराशी मेळ

कोणताही जीव एकटा प्रभावी ठरत नाही, त्याची किंमत जोडीदारावरून ठरते. पाचिरिसूची अंगभूत क्षमता ‘व्होल्ट अ‍ॅब्सॉर्ब’ ही आहे. विजेचा हल्ला तिच्यावर झाला तर इजा होणे दूरच, उलट तिची एक चतुर्थांश प्राणशक्ती भरून येते. गॅराडोस हा जल व उड्डाण प्रकारांचा असल्याने विजेचा फटका त्याला चौपट लागतो, मेगा रूप धारण केल्यावरही दुप्पट. टॅलनफ्लेमलाही वीज दुप्पट बाधते. प्रतिस्पर्ध्याने गॅराडोसवर वीज सोडावी, ‘फॉलो मी’ने ती खारीकडे वळावी आणि खार अधिकच ताजीतवानी व्हावी, असा हा डाव होता. त्या मोकळ्या फेरीत गॅराडोससारखा जोडीदार ‘ड्रॅगन डान्स’ करून आक्रमण व वेग दीडपट करून घेऊ शकतो.

हल्ले स्वतःकडे वळवणारा त्या काळचा रूढ पर्याय म्हणजे अमूंगस हा छत्रीसारखा जीव. प्रकृतीने तो खारीपेक्षा कितीतरी दणकट. पण त्याचा ‘रेज पावडर’ हा डाव वनस्पती प्रकारातील जीवांवर चालत नाही, तो स्वभावतः अतिशय मंद आहे आणि वीज शोषून घेणे त्याला जमत नाही. ‘सर्वसाधारणपणे चांगला’ आणि ‘या संघासाठी योग्य’ यांत अंतर असते ते असे.

प्रशिक्षणाचा हिशेब

खेळात प्रत्येक जीवाला प्रशिक्षणाचे एकूण ५१० गुण देता येतात, एका गुणधर्मावर अधिकाधिक २५२. खेळाडू त्यांना ‘ईव्ही’ म्हणतात. नवखा खेळाडू ते बहुधा आक्रमण आणि वेग यांवर खर्च करतो. पाचिरिसूला मात्र २५२ प्राणशक्तीत, २५२ बचावात आणि उरलेल्यांपैकी ४ विशेष बचावात दिले गेले. स्वभाव ‘इम्पिश’ निवडला. त्याने बचाव दहा टक्के वाढतो आणि विशेष आक्रमण तितकेच घटते. ते तिला वापरायचेच नव्हते, तेव्हा तोटा शून्य. या हिशेबाने पातळी ५० वर तिची प्राणशक्ती १६७ आणि बचाव १३४ होतो. सोबत ‘सिट्रस बेरी’ हे फळ दिलेले होते. प्राणशक्ती निम्म्यावर आली की ते आपोआप खाल्ले जाते आणि एक चतुर्थांश, म्हणजे ४१ प्राणशक्ती परत मिळते.

भर बचावावर का, याचेही उत्तर आहे. कंगासखान, गारचॉम्प, टॅलनफ्लेम हे त्या हंगामातील नेहमीचे हल्लेखोर अंगबळाने मारणारे होते. मैदानात कोण भेटणार हे ओळखूनच चिलखत शिवले गेले होते. आणखी एक बाब अशी की ‘फॉलो मी’ हा डाव पाचिरिसूला वाढत्या वयात आपोआप येत नसे, अंड्यातून बाहेर येतानाच तो जनकांकडून वारशाने मिळावा लागे. स्पर्धेची तयारी जीव जन्मण्यापूर्वी सुरू होते, ती या अर्थाने.

मर्यादा

या यशानंतर पाचिरिसूला अजिंक्य समजणे ही मोठी चूक ठरेल. एकाच वेळी दोघांवर होणारे ‘अर्थक्वेक’, ‘रॉक स्लाइड’ यांसारखे हल्ले ‘फॉलो मी’ने वळत नाहीत आणि भूमी प्रकारातील ‘अर्थक्वेक’ तर तिच्या मर्मावरच बसतो. भूमी प्रकारातील जीवांवर ‘नझल’ चालत नाही, भूत प्रकारातील जीवांवर ‘सुपर फँग’ लागू पडत नाही आणि वीज प्रकारातील जीवांना पक्षाघात होत नाही. प्रतिस्पर्ध्याने ‘टाँट’ हा डाव टाकला तर तीन फेऱ्यांपर्यंत ‘फॉलो मी’ आणि ‘प्रोटेक्ट’ दोन्ही बंद होतात. मैदानात उतरताच टाकता येणारा ‘फेक आउट’ हा डाव ‘फॉलो मी’च्याही आधी लागतो आणि तिची ती फेरी फुकट जाते. म्हणूनच चारांच्या निवडीत तिला प्रत्येक सामन्यात घ्यावे असे नाही. समोरचा संघ पाहून तिला बाकावर बसवणे हाही तिच्या प्रभावी उपयोगाचाच भाग आहे. केवळ विजेत्याची म्हणून तीच खार दुसऱ्याच संघात घातली, तर हाती निराशाच येईल.

आपल्या आवडत्या जीवाला न्याय द्यायचा तर

ज्यांना एखाद्या विशिष्ट जीवाची ओढ आहे, त्यांनी पुढील क्रमाने विचार करावा. या जीवाला असे काय येते, जे इतर बलवानांना येत नाही? त्याच्या उणिवा झाकणारी नव्हे, तर त्या उणिवांची गरजच न लागणारी कामे कोणती? त्याच्यामुळे संघातील कोणाची भीती दूर होते आणि त्याची भीती कोण दूर करतो? या हंगामात सर्वाधिक भेटणारे हल्ले कोणते आणि त्यांतील किती तो सोसू शकतो? आणि अखेरीस, त्याला कोणत्या सामन्यात उतरवायचे नाही? या पाच प्रश्नांची उत्तरे कागदावर मांडता आली, तर संघ निम्मा तयार झाला असे समजावे. ती मांडता आली नाहीत, तर त्या जीवावरील आपले प्रेम खरे असले, तरी त्याची संघातील जागा खरी नव्हे.

या सरावासाठी महागडे यंत्र विकत घ्यावे लागत नाही. ‘पोकेमॉन शोडाऊन’ हे लढतींचे प्रतिरूप २०११ पासून उपलब्ध असून ते ब्राउझरमध्ये विनामूल्य चालते. संघ जुळवणे, गुण वाटून देणे आणि जगभरातील खेळाडूंशी लढणे हे सारे तेथे काही मिनिटांत करता येते. अधिकृत स्पर्धेसाठी मूळ खेळ आवश्यक असतो, परंतु शिकण्यासाठी नव्हे. डिसेंबर २०१६ मध्ये भारतात आलेल्या ‘पोकेमॉन गो’मध्ये जीव पकडायला रस्त्यांवरून फिरावे लागते आणि त्यासाठी लागणारे थांबे शहरांत दाट, तर खेड्यांत विरळ असतात. त्यामुळे मुंबई-पुण्याच्या मुलाला जे सहज मिळते, ते ढाणकीच्या मुलाला मिळणे कठीण. लढतीच्या या दुसऱ्या खेळात मात्र गाव आणि शहर हा भेद उरत नाही. साधा मोबाइल, इंटरनेटची जोडणी आणि थोडे अंकगणित एवढ्यावर दोघेही एकाच रेषेवरून सुरुवात करतात.

‘खारीचा वाटा’ हा शब्दप्रयोग आपण अल्पशा मदतीसाठी, बहुधा विनयाने, वापरतो. सेतू बांधताना वाळूचे कण वाहून नेणाऱ्या खारीच्या लोककथेतून तो आला. वॉशिंग्टनच्या मैदानातील खारीनेही पर्वत उचलले नाहीत. ते काम गॅराडोस आणि गारचॉम्प यांचे होते. त्यांना ते काम करण्यासाठी लागणारी एक-एक फेरी तिने अंगावर घाव झेलून मिळवून दिली. तिच्याकडून नेमकी तेवढीच अपेक्षा ठेवली गेली, म्हणूनच ती पुरी झाली.