श्रेय वाणाचे की मातीचे?

पंचगंगेच्या काठची काळी, गाळाची जमीन आणि मुरमाड माळ यांत ऊस सारखा येत नाही, हे कोल्हापूरकडचा कोणताही शेतकरी सांगेल. कमीअधिक प्रमाणात असा फरक एकाच शेतातही असतो. समजा, उसाचे वीस वाण वीस वाफ्यांत लावले आणि एकाने सर्वांत जास्त उत्पन्न दिले. हे श्रेय वाणाचे, की त्याच्या वाट्याला आलेल्या मातीचे? निवड चुकली तर तिची किंमत शेतकरी वर्षानुवर्षे मोजतो.

इंग्लंडमधील रोदॅमस्टेड संशोधन केंद्रात १९१९ साली रुजू झालेल्या रोनाल्ड फिशर यांनी यावर तोडगा काढला. प्रत्येक वाण अनेकदा लावावा, सारख्या जमिनीचे गट पाडावेत आणि गटातील जागा चिठ्ठ्या टाकून ठरवावी. सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेले पां. वा. सुखात्मे आणि व्ही. जी. पानसे यांच्या १९५४ सालच्या इंग्रजी ग्रंथातून ही रीत भारतातील कृषिसंशोधकांच्या पिढ्या शिकल्या.

मात्र वाण वाढले की गट मोठा होतो आणि गटातच माती बदलते. ग्रीसच्या पापाडाकिस यांनी १९३७ साली सुचवले, की शेजार पाहावा. एका वाफ्यात ६० किलो उत्पन्न आले. पण दोन्ही बाजूंच्या वाणांनीही आपापल्या सरासरीपेक्षा ८ किलो जास्त दिले. मग त्या ६० किलोंतील काही वाटा मातीचा मानून वजा करायला हवा.

शेकडो वाफ्यांसाठी हे हाताने करणे जिकिरीचे होते. संगणकाने ते सोपे केले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्पॅट्स’ पद्धतीत साऱ्या शेतावर जणू एक चढउतारांची चादर पसरून मातीचा वाटा काढतात. ‘मिस्टर बीन’ अशा मजेशीर नावाच्या आज्ञावलीत तर संगणकाची भाषा न शिकताही हे करता येते. शेताचा रंगीत नकाशा पडद्यावर उमटतो.

परंतु प्रत्येक वाफ्याची ओळ आणि रांग नोंदलेली नसेल, तर आज्ञावली काय करणार? शाळेच्या बागेत सोळा सारखे चौकोन आखा. सगळीकडे एकच मेथी सारखीच पेरा, सारखेच पाणी द्या आणि प्रत्येक चौकोनाची भाजी वेगळी तोला. सोळा वजने सारखी येणार नाहीत. ती चौकोनांत लिहिली, की मुलांच्या हाती त्यांच्या मातीचा नकाशा येईल.