विशिखानुप्रवेश : घरवैद्याच्या शिक्षणाची शेवटची पायरी

वैद्यकाच्या जुन्या पोथ्या पाहतांना आपली दृष्टि बहुधा निदान व औषधिकल्प यांवरच खिळते. परंतु घरोघर जाऊन उपचार करणारा वैद्य तयार कसा होई, हेंही संहितांत सांगितलें आहे. त्याचा येथें विचार कर्तव्य आहे.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांतील ९ वा अध्याय ‘योग्यासूत्रीय’ होय. योग्या म्हणजे हाताचा अभ्यास. शिष्य कितीही बहुश्रुत असो, हात वळला नसेल तर तो कर्मास अयोग्य, असा तेथें निर्णय आहे. म्हणून छेदन कोहळा, भोपळा, काकडी इत्यादि फळांवर, शिरावेध मृत पशूंच्या शिरांवर व कमळाच्या देठांवर, शिवण वस्त्रांच्या कांठांवर व मऊ चामड्यावर आणि पट्टबंधन मनुष्याकृति पुतळ्यावर शिकावें, असें सांगितलें आहे.

लागलाच १० वा अध्याय ‘विशिखानुप्रवेशनीय’ येतो. अमरकोशांत विशिखा हा रथ्येचा पर्याय आहे. अर्थात् वैद्य आतां व्यवसायासाठीं रस्त्यावर उतरतो. त्यास राजाची अनुज्ञा हवी. नखें व केश कापलेले, वस्त्र शुभ्र, वेष साधा, वाणी कल्याणकारक असावी. रोग्याजवळ बसून पाहणें, स्पर्श करणें व प्रश्न विचारणें हा क्रम. प्रश्नांत देश, काल, सात्म्य, भूक, बल हीं सर्व येतात.

चरकाच्या विमानस्थानांतील ८ व्या अध्यायांत याची पूर्ति आहे. ओळखीच्या मनुष्यासह व अनुमतीनें घरांत शिरावें, मन रोग्याखेरीज कोठेंही जाऊं देऊं नये, घरांतील गोष्ट बाहेर नेऊं नये. रोग्याचें आयुष्य सरत आलें असें कळलें तरी, त्यास किंवा दुसऱ्यास आघात होईल तेथें तें बोलूं नये.

यावरून प्रस्तुत लेखकाचें मत असें कीं, पाठांतर व हस्तकौशल्य यांनीं हें शिक्षण पुरें होत नसे. परक्या घरांतील वर्तन हाही त्याचाच भाग होता.

संग्राहकांस एक विनंति. काठमांडूच्या केसर ग्रंथालयांतील सुश्रुताची इ. स. ८७८ ची ताडपत्र प्रत प्रसिद्ध आहे. परंतु १८९० त कुचा येथें सांपडलेल्या बावर पोथीचें महत्त्व तिच्यांतील योगसंग्रहामुळेंही आहे. म्हणून वैद्यघराण्यांच्या दप्तरांतील योगांचीं सुटीं पानें व समासांतील टिपणें किरकोळ मानून टाकूं नयेत. संहितेच्या प्रती अनेक मिळतील; विशिखेंत प्रत्यक्ष फिरलेल्या वैद्याचा हात मात्र त्या पानांतच दिसेल.