शिट्टी, सर्व्हर आणि वेगळी केबल

#धागा

१/ डेटा सेंटरमधील सर्व्हरची मागची बाजू पाहिली, तर इथरनेटचा एक पोर्ट बहुधा इतरांपासून अलग दिसतो. वापरकर्त्यांची सारी वर्दळ इतर पोर्टांतून चालते. हा केवळ यंत्र सांभाळणाऱ्यांसाठी राखलेला असतो. या विभागणीचे मूळ मात्र दूरध्वनीच्या इतिहासात आहे.

२/ विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेतील बेल कंपनीच्या लांब पल्ल्याच्या लाइनींवर माणसांचे बोलणे आणि यंत्रणेला द्यायच्या आज्ञा एकाच वाटेने जात. लाइन मोकळी असल्याची खूण म्हणजे २६०० हर्ट्झचा स्वर. तोच स्वर ग्राहकाने काढला, तर यंत्रणा त्यालाही भुलत असे. जॉन ड्रेपरला त्यासाठी कॅप्टन क्रंच या न्याहारीच्या खोक्यातून फुकट मिळणारी खेळण्यातली शिट्टी पुरली. पुढे टोपणनावही तेच पडले. ॲपल स्थापन करण्यापूर्वी वॉझनियाक आणि जॉब्स यांनी असे स्वर काढणाऱ्या ‘निळ्या पेट्या’ बनवून विकल्या, हेही येथे नोंदवलेले बरे!

३/ १९७२ मध्ये ड्रेपरला अटक झाली. पण दोष लाइनीच्या रचनेतच होता. १९७६ पासून एटी अँड टी कंपनीने आज्ञांसाठी निराळी वाहिनी वापरण्यास आरंभ केला. बोलण्याच्या वाटेवर आज्ञाच उरल्या नाहीत, तशी शिट्टी हळूहळू निकामी झाली.

४/ हाच प्रश्न पुढे सर्व्हरपाशी येऊन ठेपला. सर्व्हर गोठला, की त्याच्या नेहमीच्या जाळ्यातून त्याला हाक मारून उपयोग नसतो. मध्यरात्री कोणीतरी तेथवर जावे लागे. १९९८ मध्ये इंटेल, डेल, ह्यूलेट-पॅकार्ड आणि एनईसी यांनी ‘आयपीएमआय’ हे मानक मांडले. मदरबोर्डवर ‘बीएमसी’ नावाचा एक चिमुकला स्वतंत्र संगणक बसवायचा. मुख्य यंत्र बंद असले तरी तो जागा असतो. त्याच्यामार्फत दुरून यंत्र चालू-बंद करता येते. अर्थात, जो बीएमसीपर्यंत पोहोचला, त्याच्या हाती सर्व्हरच आला.

५/ आयबीएमने पॉवर सर्व्हरांवर देखरेख ठेवण्यासाठी ‘हार्डवेअर मॅनेजमेंट कन्सोल’ हे वेगळे उपकरणच दिले. २००४ च्या पॉवर-५ पिढीपासून ते सर्व्हरांशी इथरनेटने बोलू लागले. त्याचा एक पोर्ट खासगी जाळ्यासाठी: तेथे फक्त कन्सोल आणि सर्व्हर, आणि सर्व्हरांना पत्ते वाटून देणाराही कन्सोलच. दुसरा पोर्ट खुल्या जाळ्यासाठी; तेथून प्रशासक आत येतो. १० किंवा १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते अशा खासगी जाळ्यांसाठी १९९६ च्या एका नियमपत्राने राखून ठेवले आहेत. घरच्या वायफायचा पत्ताही बहुधा त्यांतलाच.

६/ रचना चोख होती. माणसांनी केबल वाचवली. काही मदरबोर्डांवर तर राखीव पोर्टात केबल नसेल, तर बीएमसी गुपचूप सामान्य पोर्टावर सरकत असे. २०१३ मध्ये डॅन फार्मर या सुरक्षातज्ज्ञाने याचे धोके वेशीवर टांगले. आयपीएमआयच्या दुसऱ्या आवृत्तीत ओळख पटण्याआधीच सर्व्हर परवलीच्या शब्दाचा हॅश समोरच्याला देऊन टाकतो. ‘सायफर शून्य’ चालू असेल, तर कोणताही शब्द चालतो! त्याच वर्षी मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांना खुल्या इंटरनेटवर अशी एक लाखाहून अधिक यंत्रे आढळली. चार दशकांनंतर आज्ञांची वाट पुन्हा चव्हाट्यावर आली होती.

७/ याची दुसरी बाजू ४ ऑक्टोबर २०२१ रोजी दिसली. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आज्ञेने फेसबुकची डेटा सेंटरे एकमेकांपासून तुटली आणि फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम सुमारे सहा तास ठप्प झाले. अशा वेळेसाठीच राखलेले व्यवस्थापनाचे वेगळे जाळेही तेव्हा बंद पडले होते. अखेर अभियंत्यांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये धाडावे लागले; आणि त्या इमारतींत शिरणे मुद्दामच अवघड करून ठेवलेले असल्याने तेथेही वेळ गेला.