वनस्पतींचे अनुक्रमण : पडीक शेतापासून रानापर्यंत

एखाद्या जागेवरील वनस्पतिसमूह काळाच्या ओघात क्रमाने बदलत जातात. या प्रक्रियेस वनस्पतिशास्त्रात ‘अनुक्रमण’ म्हणतात. उघड्या खडकावर किंवा नव्या वाळूवर आरंभ झाल्यास ते प्राथमिक. माती व बीजसाठा शिल्लक असलेल्या जागी झाल्यास दुय्यम. हेन्री कौल्स या अमेरिकी शास्त्रज्ञाने १८९९ मध्ये मिशिगन सरोवराकाठच्या वाळूच्या टेकड्यांवर हा क्रम उलगडून दाखवला.

दुय्यम अनुक्रमण समजून घेण्यास मध्य प्रदेशाच्या मराठी मुलखातील, कन्हानकाठचे रामाकोना सोयीचे आहे. सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याचा हा सौंसर तालुका २०२३ पासून पांढुर्णा जिल्ह्यात मोडतो. येथे कापूस व संत्र्याची शेती आणि सागाचे पानझडी वन शेजारी नांदतात. अशा प्रदेशात नांगर थांबला की पहिल्या पावसात तरोटा, आघाडा ही वर्षायू रोपे उगवतात. पुढे कुसळीसारखी बहुवर्षायू गवते त्यांना मागे सारतात. गवताची मुळे माती धरून ठेवतात, कुजलेली पाती तिचा कस वाढवतात. मग पक्ष्यांनी टाकलेल्या बियांतून बोर आणि वाऱ्याने आलेल्या शेंगांतून पळस रुजतो. साग, ऐन, धावडा, तेंदू यांचे रान उभे राहण्यास मात्र अनेक दशके लागतात.

फ्रेडरिक क्लेमेंट्स यांनी १९१६ मध्ये असे प्रतिपादन केले की, हा क्रम हवामानानुसार ठरलेल्या चरमावस्थेस पोहोचतो. हेन्री ग्लीसन यांनी १९२६ मध्ये त्यास आक्षेप घेऊन प्रत्येक जातीचे स्वातंत्र्य व योगायोग यांवर भर दिला. प्रत्यक्षातही वारंवारचे वणवे, अतिचराई आणि घाणेरीची दाट जाळी यांमुळे क्रम मध्येच अडतो. पुण्यात १९५६ मध्ये नोंदले गेलेले गाजरगवत तर पहिल्या पायरीवरच देशी रोपांची जागा बळकावते.

गोव्यातील जांभ्या दगडाच्या सड्यांवर वेगळे चित्र दिसते. तेथे मातीचा थर अत्यंत पातळ. पावसाळ्यात पाणी साचते आणि उन्हाळ्यात कातळ तापतो. म्हणून सीतेची आसवे, दवबिंदू यांसारख्या लहान वनस्पतींचा समूहच तेथे टिकून राहतो. त्याला ‘ओसाड’ ठरवून खड्डे खणून झाडे लावल्यास रान तर होत नाहीच, उलट मूळची संपदा नष्ट होते. रामाकोन्याच्या पडीक शेताला मात्र बहुधा लागवडीपेक्षा आगीपासून व अतिचराईपासून संरक्षण अधिक उपयोगी पडते. वृक्षारोपणाची जागा निवडण्यापूर्वी हा भेद तपासणे आवश्यक आहे.