विष पडलेले झाड वाचते का?



उसातले तण मारायला पंप भरला. काम झाले, पंप नुसता विसळून ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याच पंपाने परसातल्या टोमॅटोवर किडीचे औषध मारले. थोड्याच दिवसांत शेंडे पिळवटले, पाने दोरीसारखी वळली. आता तुम्हीच सांगा, अशी चूक कुठल्या गावात होत नाही?

या चुकीचा इतिहास फार जुना नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंड-अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी '२,४-डी' हे तणनाशक शोधले आणि युद्ध संपल्यावर ते बाजारात आले. ऊस, मका, गहू ही गवताच्या कुळातली पिके ते सोसतात. टोमॅटो, कापूस, द्राक्षवेल मात्र त्याच्या थेंबानेही होरपळतात. पुढे आणखी कितीतरी तणनाशके निघाली. खुरपणीचे कष्ट वाचले, पण चूक महाग झाली.

अशा विषातून झाड वाचवता येते का? याची मोठी परीक्षा अमेरिकेत, टेक्सासच्या ऑस्टिन शहरात झाली. तिथे 'ट्रीटी ओक', म्हणजे तहाचा ओक, नावाचे सुमारे पाचशे वर्षांचे झाड आहे. ओक म्हणजे आपल्या हिमालयातल्या बांज झाडाचा भाऊबंद. तिथले मूळ रहिवासी या झाडाला पवित्र मानीत. १९३७ साली शहराने झाडाची जागा विकत घेऊन ते राखले.

१९८९ साली या झाडाची पाने करपू लागली. तपासात निघाले की कुणी तरी मुळाशी 'हेक्साझिनोन' हे तणनाशक ओतले होते, आणि तेही शंभर झाडे मरतील इतके! ही चूक नव्हती, घातपात होता. पुढे एका माणसाला त्याबद्दल नऊ वर्षांची शिक्षा झाली. पण विषाला हेतू कळत नाही. उपचार तोच करावा लागतो.

हे विष मुळांतून वर चढते आणि पानांचे अन्न शिजवणेच बंद पाडते. झाड पाने टाकते, नवी पालवी काढते, ती पुन्हा करपते. दर पालवीला खोडातली शिल्लक खर्ची पडते. कर्जबाजारी शेतकऱ्याने बियाणे मोडून खावे, तसेच हे!

रॉस पेरो या उद्योगपतीने खर्चाचा भार उचलला. विषारी माती काढून नवी भरली. ऊन कमी लागावे म्हणून पडदे उभारले. झऱ्याच्या पाण्याचे तुषार सोडले. शिल्लक संपत आलेल्या झाडाला खोडातून साखरेचे पाणीही दिले. ठिकठिकाणांहून लोकांनी 'लवकर बरे व्हा' अशी पत्रे धाडली.

फळ काय मिळाले? झाडाचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग गेला. एक तृतीयांश उरला. पण १९९७ साली त्या उरलेल्या भागाला पुन्हा बिया धरल्या, आणि त्यांची रोपे दूरदूर लावली गेली.

मंडळी, आपल्याकडे पडदे नाहीत, पेरो नाहीत. पण रीत तीच. तणनाशक पानांवर उडाले तर ते सुकायच्या आत स्वच्छ पाण्याने धुवा. उशीर झाला की विष आत शिरते. मातीत सांडले तर वरची माती लगेच काढा आणि ती पिकापासून, विहिरीपासून दूर ठेवा. मग बेताचे पाणी द्या. खताची घाई नको. दुखणाईताला पंक्तीचे जेवण घालत नाहीत. झाड लगेच उपटूही नका, नवी फूट सरळ येते का ते पाहा. मात्र विष पडलेली भाजी खाऊ नका.

आणि गुरुजी, मुलांना एवढे जरूर सांगा: तणनाशकाचा पंप वेगळा ठेवावा. विष ओतायला एक घटका पुरते. ऑस्टिनच्या झाडाला पुन्हा बी धरायला आठ वर्षे लागली.