केवलमूल्य

केवलमूल्य (बीजगणित) : संख्यारेषेवर एखाद्या वास्तव संख्येचे शून्यापासूनचे अंतर. क्ष ही संख्या शून्य किंवा धन असेल तर |क्ष| = क्ष, ऋण असेल तर |क्ष| = −क्ष. उभ्या रेघांचे हे चिन्ह जर्मन गणिती कार्ल वायरश्ट्रास यांनी १८४१ मध्ये वापरले. महाराष्ट्रात ही संकल्पना नववीच्या पाठ्यपुस्तकात, वास्तव संख्यांच्या प्रकरणात येते. ‘वजा चिन्ह पुसले की केवलमूल्य’ असा सोपा नियम पाठ करणे मात्र धोक्याचे आहे. |−७| = ७ एवढ्यापुरता तो चालतो; पण |−अ| चे उत्तर ‘अ’ लिहिले आणि अ = −५ निघाला, तर अंतर ऋण येते. |क्ष − ३| = ५ मधले वजा चिन्ह तर वजाबाकीचे आहे, ते पुसताच येत नाही. येथे अंतराची व्याख्याच कामी येते : ३ पासून ५ एकक दूर असलेल्या संख्या ८ आणि −२. परिमाण आणि दिशा वेगळी पाहण्याची ही दृष्टी आपल्याकडे जुनी आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (सुमारे ११५०) १० व १७ भुजा आणि ९ पाया असलेल्या त्रिकोणाचा लंब पायाबाहेर पडतो, एक आबाधा (लंबाच्या पायथ्यामुळे होणारा पायाचा खंड) ऋण ६ येते. भास्कराचार्य ती अशक्य म्हणून टाकत नाहीत. लांबी ६ आणि दिशा उलट, असा तिचा अर्थ लावतात.

परभणीसारख्या पावसावर विसंबलेल्या, सोयाबीन-कापसाच्या जिल्ह्यात केवलमूल्याचा उपयोग लगेच पटतो. भारतीय हवामान विभाग सरासरीपासून −१९ ते +१९ टक्के तफावतीचा पाऊस सामान्य धरतो. तफावत त असेल तर ही अट |त| ≤ १९ एवढीच. समजा, एका वर्षी तफावत +४० आणि पुढच्या वर्षी −४० टक्के राहिली. साधी सरासरी शून्य येईल आणि दोन्ही हंगाम सुरळीत गेल्याचा भास होईल. केवलमूल्यांची सरासरी ४० येते आणि हेलकावा उघड करते. यावर आक्षेप असा, की अतिवृष्टी आणि दुष्काळ एकाच आकड्यात कसे बसवायचे? शेतात साचलेले पाणी आणि करपलेले पीक यांवरचे उपाय वेगळे असतात. आक्षेप रास्त आहे, आणि त्यामुळेच सामान्य पट्ट्याबाहेर विभाग चिन्ह जपतो : +२० ते +५९ जास्त, −२० ते −५९ कमी. पण ‘किती दूर’ आणि ‘कोणत्या बाजूला’ हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. केवलमूल्य पहिल्याचेच उत्तर देते, दुसऱ्याबद्दल त्याला दोष देणे योग्य नाही. |त| = ४० एवढेच माहीत असेल तर त = ४० आणि त = −४० ही दोन्ही उत्तरे लिहावी लागतात. |त| = −४० या समीकरणाला उत्तर नाही, कारण अंतर ऋण नसते.